'दोन खोरी' पाक्षिकाची आणि उरलेल्या चीजवस्तूंची व्यवस्था

मी, सुलक्षणा विष्णू गुरव, वय वर्षे छप्पन्न, धंदा वार्ताहर, राहणार भोर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा नशेत लिहीत नसून वैतागाने लिहीत आहे. वैतागाला कायद्याची आडकाठी नाही, हे मी माझे वकील ॲड. सोमेश्वर धुमाळ यांना विचारून घेतले आहे. माझे मन शाबूत असल्याचा दाखला डॉ. शेफाली बांदल यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल त्या तितक्या ठाम नाहीत. पुढच्या आठवड्यात पुण्याच्या एका इस्पितळात त्या हृदयाची झडप बदलायची आहे. काही बरेवाईट झाल्यास माझी तक्रार राहणार नाही, अशा कागदावर तिथल्या लोकांनी आधीच सही घेतली आहे. तक्रार नाही असे मी जन्मात पहिल्यांदा लिहून दिले.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. महिन्यापूर्वी एक कच्चा खर्डा केला होता, तो रद्द समजावा. त्यात एक कलम असे होते की माझ्यामागे 'दोन खोरी' हे पाक्षिक बंद करावे. घर, भांडी, स्कूटर यांची वाटणी पानभरात होते. अडले आहे ते या पाक्षिकापाशी. ते चालू राहावे की माझ्याबरोबर सरणावर जावे, आणि चालू राहिले तर कोणाच्या हाती, एवढ्याचसाठी हा खटाटोप आहे. बाकीची कलमे वाटेत लागणाऱ्या थांब्यांसारखी आहेत. ती आधी उरकते.

कलम पहिले. भोरमधले माझे दोन खोल्यांचे घर माझी धाकटी बहीण मोहिनी हिला मिळावे. मोरीतला नळ गळतो. तो मी पाच प्लंबरांना दाखवला, पाचांनीही "नळ बदला" असे सांगितले आणि पाचही बदलायला आले नाहीत. घराबरोबर हा नळही तिचाच. शेजारच्या फुलाबाईंना माझ्या गच्चीवर वाळवण घालायचा हक्क आहे. तो मोहिनीने काढून घेऊ नये. काढून घेतल्यास फुलाबाई काय करतील ते मी इथे लिहू शकत नाही, कारण हे मृत्युपत्र नोंदवायचे आहे.

कलम दुसरे. बँकेत जे काही निघेल तेही मोहिनीचे. दागिन्यांचा शोध घेऊ नये. त्यांचा छपाईचा कागद झाला, आणि त्या कागदावर तालुक्याने भजी खाल्ली.

कलम तिसरे. माझी संस्कृत पुस्तके वेल्ह्याच्या शाळेला द्यावीत. (तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, माझी जीभ जुनी आहे, तिला तहसीलदारांनी माफ करावे.) माझे वडील देवळाचे गुरव. मुलगा नाही म्हणून त्यांनी शब्दांची रूपे मलाच पाठ करायला लावली, पुढे पुण्याला धाडून एम.ए. केले, आणि मुलगी प्राध्यापिका होईल या आशेवर बसले. मी परत आले ती वार्ताहर होऊन. "एवढं शास्त्र शिकून शेळीबकरीच्या बातम्या लिहिणार?" असे ते शेवटपर्यंत विचारत. त्यांना मी सांगत असे की शास्त्रात आधी समोरच्याचे म्हणणे पुरतेपणी मांडतात, मग त्याचे खंडन करतात, आणि मी तेच करते आहे. त्या पहिल्या भागाला पूर्वपक्ष म्हणतात. आमच्या तालुक्यात पूर्वपक्ष म्हणजे पुढारी आधी ज्या पक्षात होता तो. पण हा खुलासा वडिलांना मी केला नाही.

कलम चौथे. पुण्याच्या ज्या दैनिकाला मी सुरुवातीची काही वर्षे बातम्या पाठवल्या, तिथे एक उपसंपादक होते. वेल्ह्याकडून आलेल्या प्रत्येक बातमीला ते 'दुर्गम भागातील' हा शब्द चिकटवत. मार्गासनीला लग्नात जेवणातून विषबाधा झाली, तर दुर्गम भागातील विषबाधा. पुण्यातून एसटीत बसले तर जेवण पचायच्या आत मार्गासनी येते. सदर उपसंपादक हयात असल्यास त्यांना माझ्या खात्यातून स्वारगेट ते वेल्हे असे जाण्याचे एक तिकीट काढून द्यावे. परतीचे काढू नये.

कलम पाचवे. मला मिळालेली स्मृतिचिन्हे कपाटावर आहेत. तीन 'जीवनगौरव' आहेत, आणि तिसरा मिळेपर्यंत जीवन संपलेले नव्हते. ज्याला दार वाऱ्याने आपटू नये म्हणून काही जड वस्तू हवी असेल त्याने न्यावीत. सत्कारात आलेल्या शाली पठारावरच्या धनगरवाडीत द्याव्यात. तिथे थंडीत जन्मलेल्या करडांना पांघरूण लागते, आणि ती भाषण करत नाहीत.

कलम सहावे. आता पाक्षिक.

'दोन खोरी' म्हणजे नीरेचे खोरे आणि गुंजवणीचे खोरे, भोर आणि वेल्हे. त्याचा एकच नियम आहे: ज्याची बातमी, त्याला ती छापण्याआधी वाचून दाखवायची. एकट्याला गाठून नाही, गावात, पारावर, चारचौघांत. ऐकणारा कोणीही हरकत घेऊ शकतो. हरकत खरी ठरली तर दुरुस्ती होते. खरी ठरली नाही तर बातमी आहे तशी छापली जाते आणि हरकत तिच्याखाली बारीक टाइपात येते. हा नियम मी पोथीतून काढलेला नाही. तो माझ्यावर लादला गेला.

पठारावर चंद्राबाई ढेबे राहतात. त्यांच्या म्हशीचे रेडकू बिबट्याने नेले तेव्हा मी वर चढून गेले होते, त्या दैनिकासाठीच. लिहून झाले, वही मिटली, तशा त्या म्हणाल्या, "काय लिवलंस? वाच की."

मी वाचले. 'गरीब बिचाऱ्या चंद्राबाईंवर आभाळ कोसळले' असे काहीसे होते. त्या दूध काढायचे थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या.

"म्या गरीब हाय," त्या म्हणाल्या. "बिचारी कुटनं आणलीस?"

मी शब्द खोडला.

"आन् आभाळ न्हाई कोसळलं. वाघरू आलं, रेडकू नेलं. तेवढंच लिव."

तेवढेच लिहिले. पुण्यात उपसंपादकांनी 'बिचाऱ्या' परत घातला. तो अंक घेऊन मी पुन्हा वर गेले नाही. दैनिकच सोडले आणि स्वतःचा कागद काढला. म्हणून चंद्राबाई सगळीकडे सांगतात की पेपर त्यांनी काढला. ही हरकत मी इथे बारीक टाइपात नोंदवते.

तेव्हापासून मी वाचते आहे. मार्गासनीच्या देवळासमोर, सारोळ्याला पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर, कापूरहोळच्या फाट्यावर ट्रकच्या टपावर बसलेल्यांना मान वर करून. वाचून वाचून माझा घसा गेला तेव्हा मार्गासनीचे ज्ञानूभाऊ शिळीमकर मदतीला आले. ते एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाले, पण आवाज निवृत्त झाला नाही. ते दशक्रियेची बातमी वाचतात तेव्हाही लोक पिशव्या सावरून उठायच्या बेतात असतात. अंकाची पाने शिवानी रेणुसे लावते. तिचे मार्गासनीला झेरॉक्सचे आणि ऑनलाइन अर्जांचे दुकान आहे. ती माझी विशेषणे जागा पुरत नाही असे सांगून काढते. जागा पुरत असते.

हा नियम पवित्र आहे असे कोणी समजू नये. तो अत्यंत त्रासदायक आहे. बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांची बातमी वाचली, तर दोघांनी मिळून ती रद्द करायला लावली. पुढच्या वाचनाला दोघे मिळून आले आणि म्हणाले, छापा, पण आमच्या मेव्हण्याचेही नाव घाला. आमसभेचे वृत्त वाचले तर न बोललेले सदस्य म्हणतात, आम्ही बोललो असे लिहा, आम्ही बोलणारच होतो. एरवी बातमी कोणी आणत नाही, हरकत मात्र घरटी एक. वाढदिवसाचे फोटो मात्र सगळे पाठवतात, आणि त्यावर हरकत कोणाचीच नसते.

गोरखशेठ यांचे प्रकरण याच नियमाने घडले. चंद्राबाईंच्या वाडीला जाणारा रस्ता कागदावर दोनदा झाला, जमिनीवर एकदाही नाही. ठेकेदार गोरखशेठ. नियमाप्रमाणे मी बातमी त्यांना ऐकवायला गेले. त्यांनी डोळे मिटून ऐकली, चहा सांगितला.

"बाई, बातमी झकास जमलीय. माझं नाव तेवढं काढा."

"मग उरतं काय?"

"रस्ता उरतो की."

"तोच तर नाही, गोरखशेठ."

बातमी नावासह छापली. गोरखशेठ रागावले नाहीत. ते रागावत नाहीत, विकत घेतात. निवडणुका जवळ आल्या तसे ते माझ्या घरी येऊ लागले. पाक्षिक त्यांच्या नावावर करावे, संपादक म्हणून माझे नाव ते मोठ्या अक्षरात ठेवतील, फोटोही टाकतील. "फक्त ती वाचायबिचायची दगदग बंद करू. तुमच्या तब्येतीला बरी न्हाई."

दुसरा उमेदवार माझ्या रक्ताचा. मोहिनीचा मुलगा स्वरूप. हुशार आहे, प्रेमळ आहे, आणि त्याच्या हाताला बोटांऐवजी मोबाईल आहे. तो आणि त्याचा मित्र 'तालुका तडाखा' नावाची वाहिनी चालवतात. कुठे काही झाले की होण्याच्या आधी त्यांच्याकडे येते. तो मला म्हणतो, "मावशी, तू गावात ऐकवून येईपर्यंत बातमी शिळी होते." मी म्हणते, "शिळी भाकरी कुस्करून खाता येते. कच्चीनं पोट दुखतं." तो हसतो आणि पुन्हा तेच विचारतो: पाक्षिक दे, मी ते मोबाईलवर नेतो, लाखो लोक बघतील. लाखो लोकांना ऐकवायला पार कुठून आणायचा, ते तो सांगत नाही.

एकाच्या हाती दिले तर ते विकले जाईल, दुसऱ्याच्या हाती दिले तर धावत सुटेल. आणि ज्यांच्यासाठी काढले त्यांनी आयुष्यभर फक्त हरकती घेतल्या, पाक्षिक त्यांना हवे आहे की नाही हे कोणी एकदाही बोलले नाही. म्हणून खर्ड्यात लिहिले होते, बंद करावे.

कलम सातवे. गेल्या रविवारी जे झाले ते इथे लिहीत आहे, कारण पुढचे कलम त्यावर उभे आहे.

दुपारी जेवून बसले होते. स्वरूप पुण्याहून आला होता, इस्पितळात माझ्या उशाशी कोणी थांबायचे ते ठरवायला, आणि जाता जाता पाक्षिकाचे विचारायला. खाली टेम्पो थांबला. ज्ञानूभाऊ, शिवानी आणि मागून गुडघ्यावर हात देत जिना चढणाऱ्या चंद्राबाई. त्यांच्यामागे मार्गासनीचे आणि वाडीचे आणखी पाचसहा. सगळे भिंतीला टेकून बसले. पाणी झाले.

ज्ञानूभाऊ छताकडे बघत म्हणाले, "बाई, तुमची बातमी आणलीय."

"कसली?"

"निधनाची."

मी म्हटले, "ज्ञानूभाऊ, मी अजून आहे."

"व्हय. म्हणूनशान तर आलो. मागनं वाचून कुनाला दावायची? नियम तुमचाच हाय."

यावर शास्त्रात उत्तर नाही. मी शोधले. ज्याची बातमी त्याला आधी ऐकवायची, आणि ही एकच बातमी अशी की ती झाल्यावर ऐकवता येत नाही. लोकांनी नियम माझ्यापेक्षा पुढे नेला होता. राग येण्याइतका श्वास माझ्यात नव्हता, म्हणून मी म्हटले, वाचा.

ज्ञानूभाऊ उभे राहिले. कागद शिवानीने टाइप करून आणला होता. "ज्येष्ठ पत्रकार सुलक्षणाताई गुरव यांचे," त्यांनी पुढचा थांबा सांगावा तसे जाहीर केले, "अल्पशा आजाराने निधन झाले. तारखेची जागा मोकळी हाय."

"हरकत," मी म्हटले. "अल्पसा नाही. चार वर्षं दम लागतोय मला."

"मंजूर," शिवानी म्हणाली आणि खोडले.

"त्या स्वभावाने मनमिळाऊ होत्या."

"हरकत," चंद्राबाई. "मनमिळाऊ कोन म्हनलं? रस्त्याच्या बातमीवरनं माज्याशी वरीसभर बोलत नव्हती. म्या म्हनलं गोरख्याच्या बापाचं बी नाव घाल, हिनं घातलं न्हाई."

"बापाचा रस्त्याशी संबंध नव्हता, चंद्राबाई."

"पोराला वाढीवलं कुनी?"

एका म्हाताऱ्याचे म्हणणे पडले की मेल्या माणसाबद्दल मनमिळाऊ लिहायची रीत आहे, राहू द्या. चंद्राबाई म्हणाल्या की मेल्या माणसाबद्दल खोटं लिवायला बाई आपल्याला शिकवून गेली न्हाई. 'गेली' ऐकून स्वरूपने माझ्याकडे बघितले. मी म्हटले, बोलू दे. शेवटी मनमिळाऊ काढले आणि त्याजागी आले: 'त्या भांडत, पण भांडल्यावरही यायच्या थांबत नसत.' यावर मी हरकत घेतली की वाक्य ओबडधोबड आहे. हरकत फेटाळली गेली. माझी हरकत माझ्या देखत फेटाळली गेली, हे मला या धंद्यात पहिल्यांदा अनुभवायला मिळाले. अनुभव चांगला नाही.

एवढ्यात माझा फोन वाजला. मग स्वरूपचा. मग शिवानीचा. मी माझा उचलला. पलीकडे गोरखशेठ, आवाज भरून आलेला.

"हॅलो, घरचं कोन बोलतंय? लई वाईट झालं. बाईंचं कधी झालं?"

"अजून व्हायचंय, गोरखशेठ."

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "मग... फ्लेक्स थांबवू का?"

"केवढा सांगितलाय?"

"दहा बाय पंधरा."

"त्यात माझा फोटो केवढा?"

"ते बाई, डिझाईनवाला ठरवतो."

झाले असे होते की वाचन चालू असताना स्वरूपने त्या कागदाचा फोटो काढून मित्राला पाठवला होता, सोबत लिहिले होते, 'तयार ठेव, लागेल.' मित्राने तयार ठेवला नाही. सर्वात आधी आम्हीच म्हणून वाहिनीवर टाकून दिला. बांगडी घालायला हात पुढे करावा इतक्या वेळात मी दोन्ही तालुक्यांत वारले होते. "मावशी, मी काढायला लावतो, लगेच काढतो," असे पुटपुटत स्वरूप फोनवर बोटे मारत होता.

"काडून काय हुतंय?" चंद्राबाई म्हणाल्या. "ज्यांनी वाचलं त्येंच्या डोक्यातनं काडशील? वेल्ह्यात दुकानं बंद केली आसत्याल. ऊट."

"कुठं?"

"मारलीस तशी जित्ती कर. टेम्पोत बस. गावोगाव हुबं ऱ्हाऊन सांग."

शिवानीने तिथेच दुरुस्ती लिहिली. स्वरूपने ती आधी मला वाचून दाखवली. मग टेम्पोत बसून गेला. ज्ञानूभाऊ सोबत गेले, पण वाचायचे नाही असे त्यांना चंद्राबाईंनी बजावले होते. ज्याने चूक केली त्यानेच वाचायचे.

दिवेलागणीला तो परत आला तेव्हा शर्ट धुळीने भरला होता. मी समजले होते की लाजून बसेल. तो चिडला होता.

"मावशी, हे लोक नुसतं ऐकून घेत नाहीत."

"का, काय झालं?"

"कापूरहोळला पंक्चरवाला म्हणतो, जिवंत आहेत याला पुरावा काय, तुम्ही दुपारी पण असंच छातीठोक सांगितलं होतं. सारोळ्याला एक आजी म्हणाल्या, आजार कोणता ते लिहिलेलं नाही, अर्धवट दुरुस्ती कशाला वाचतोस. वेल्ह्यात तर मला माफी परत वाचायला लावली. म्हणे, 'अनवधानाने' म्हणजे काय ते मराठीत सांग."

"मग काय सांगितलंस?"

"घाई केली, असं सांगितलं. मग गप्प झाले. एकानं चहा पाजला."

त्याला बोलायचे ते गावांनी बोलून झाले होते.

कलम आठवे. वरील कारणांमुळे, मी असे ठरवले आहे. माझ्यामागे 'दोन खोरी' हे पाक्षिक, त्याचे नाव, नोंदणी, जुने अंक आणि उधारी मागणारे सर्व जाहिरातदार यांसह, श्री. ज्ञानू शिळीमकर, सौ. शिवानी रेणुसे आणि श्रीमती चंद्राबाई ढेबे या तिघांना समान हक्काने मिळावे. ज्ञानूभाऊंनी वाचावे, शिवानीने पाने लावावीत आणि चंद्राबाईंनी आजवर केले तेच करावे. हे पाक्षिक कोणालाही विकता येणार नाही. विकल्यास ते त्या दिवसापासून बंद झाले असे समजावे आणि घेणाऱ्याला फक्त नावाचा फलक मिळावा. वाचून दाखवल्याशिवाय एकही बातमी छापू नये, माझी निधनवार्ताही नाही. तिचे वाचन झालेले आहे. तारीख घालून छापावी. मनमिळाऊ परत घालू नये.

स्वरूप यास माझी स्कूटर देते. ती ताशी चाळीसच्या वर जात नाही आणि तिला तसेच ठेवावे. पाक्षिकाची मालकी त्याला देत नाही. वाचनाला बसण्याचा, हरकती लिहून घेण्याचा आणि वरच्या वाडीपर्यंत बातमी पायी घेऊन जाण्याचा हक्क देते. मालकीचा विचार पुढे तिघांनी करावा. मी केला तर मावशी म्हणून करीन.

गोरखशेठ यांस काही देत नाही. त्यांचा फ्लेक्स रद्द झाला, ते कापड वाया गेले असेल. ते वाडीतल्या गोठ्यावर घालायला पाठवावे, म्हणजे त्या रस्त्याने काहीतरी एकदा पोचेल.

कलम नववे. या मृत्युपत्रात ज्यांची नावे आहेत त्यांची ही बातमीच आहे, म्हणून काल वकिलांच्या कार्यालयात ते सगळ्यांना वाचून दाखवले. ॲड. धुमाळ कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, मृत्युपत्र गुप्त ठेवायचं असतं." मी म्हटले, "माझ्याकडे गुप्त असं काय आहे, वकीलसाहेब?" हरकती पुढीलप्रमाणे.

मोहिनी: नळ दुरुस्त करून मगच घर द्यावे. रडत होती, म्हणून मंजूर म्हटले. पण प्लंबर तिनेच शोधायचा.

स्वरूप: चाळीस हा वेग नव्हे, अपमान आहे. फेटाळली.

गोरखशेठ आले नाहीत. त्यांनी मोबाईलवर अंगठा पाठवला. कायद्याने अंगठा चालतो, पण वकील म्हणतात असला नाही.

ज्ञानूभाऊंची हरकत नाही. आवाजाबद्दल जे लिहिले आहे ते त्यांनी दोनदा वाचून घेतले, दुसऱ्यांदा मोठ्याने. शिवानी म्हणाली, जबाबदारी घेते, पण वाढदिवसाचे फोटो बंद करणार. मंजूर, आणि अंतःकरणपूर्वक.

राहिल्या चंद्राबाई.

"म्या घेत न्हाई," त्या म्हणाल्या.

मी विचारले, का?

"त्यात लिवलंय, बाई मेल्यावर. म्या मेल्यावरचं काय बी घेत न्हाई. लुगडं न्हाई, भांडं न्हाई, तुजा पेपर बी न्हाई."

"चंद्राबाई, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं. तसाच कायदा आहे."

"आसंल. माजी हरकत लिव."

वकिलांनी समजावले, ज्ञानूभाऊंनी समजावले, मोहिनीने हात धरला. त्या खुर्चीत बसून राहिल्या, आणि सगळे दमल्यावर माझ्याकडे वळल्या.

"दवाखान्यातनं बरी हून ये. वर पठारावर ये. तितं बसून ह्यो कागद पुन्यांदा वाच, सगळ्या वाडीफुडं. मग म्या सांगते घ्यायचं का न्हाई."

"आणि नाही आले तर?"

"मग हरकत तशीच ऱ्हायली."

असा हा प्रकार आहे. तीन वारसांपैकी दोन राजी, एक अडून. ॲड. धुमाळ म्हणतात, वारसाने हरकत घेतली तरी मृत्युपत्र बाधित होत नाही, कायद्याने ते पूर्ण आहे. आमच्या पाक्षिकाच्या नियमाने ते पूर्ण नाही. हरकतीचा निकाल लागेपर्यंत कोणताही मजकूर पुढे जात नाही, आणि निकाल लावायला मला स्वतः पठार चढावे लागेल, तेही नव्या झडपेने. अशा अवस्थेत मरणे माझ्या अत्यंत गैरसोयीचे आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

हे मृत्युपत्र मी वाचून, वाचून दाखवून, भांडून आणि समजून सही करत आहे. खाली सही करणारे साक्षीदार असे निवडले आहेत की त्यांना यातून कोणताही लाभ नाही. फुलाबाईंचे वाळवण लाभात धरायचे का यावर वकिलांनी बराच विचार केला आणि धरू नये असे ठरवले.

(सही) सुलक्षणा विष्णू गुरव

साक्षीदार:
१. (सही) डॉ. शेफाली बांदल, भोर
२. (सही) फुलाबाई गोळे, भोर. "वाळवण दरसालचं हाय, ह्या कागदानं मिळालेलं न्हाई," असे सही करताना सांगितले. त्यांच्या आग्रहावरून नमूद.

व्यवस्थापक: (सही) ॲड. सोमेश्वर धुमाळ, नाइलाजाने

नोंद: श्रीमती चंद्राबाई ढेबे यांची हरकत कायम.

ठिकाण: भोर
दिनांक: १० जानेवारी २०२६